आईवडिलांमागे भावंडे

आईवडील असेपर्यंत भावंडांचा आपसातला संपर्क बहुधा त्यांच्यामार्फतच चालतो. ठाण्यातल्या मुलाला बडोद्याच्या बहिणीचे गुडघ्याचे दुखणे कळते ते आईकडून. परदेशातल्या धाकट्याने नोकरी बदलली हे थोरल्याला वडील सांगतात, आणि थोरल्याने वडिलांना दवाखान्यात नेले होते हे धाकट्याला कळते तेही वडिलांकडूनच, थोडे सौम्य करून. प्रत्येक जण गावी फोन करतो आणि गावाकडून सगळ्यांना सगळे समजते. त्यामुळे आपण एकमेकांच्या संपर्कात आहोत असा सगळ्यांचाच समज असतो. आईवडिलांपैकी मागे राहिलेले माणूसही गेले की काही महिन्यांत ध्यानात येते की भावाचा नंबर फोनमध्ये आहे, पण त्यावर गणपती-दिवाळीच्या शुभेच्छांखेरीज बोलणे झालेलेच नाही.

कोकणात तालुक्याच्या गावी वारसनोंदी, हक्कसोडपत्रे आणि वाटणीपत्रे यांचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या वकिलापुढे हे सतत येते. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, खेड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात, घरटी कोणीतरी मुंबईला गेलेले असते. आधीची पिढी गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत राबली आणि निवृत्तीनंतर गावच्या घरी परतली. तिची मुले डोंबिवली, विरार, पुणे, आखात, अमेरिका अशी पांगली. वडिलांच्या नावचा सातबारा, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरचे घर, आंब्याची काही कलमे आणि बँकेतली ठेव एवढ्यासाठी ही भावंडे एका टेबलाभोवती येतात. कित्येकांची ती आईवडिलांशिवायची पहिलीच भेट असते. पुढे ती एकमेकांची राहतील की नाही याचा अंदाज तिथे बऱ्यापैकी येतो, आणि जमिनीच्या किमतीशी त्याचा संबंध फार थोडा असतो. कोट्यवधींची बागायत शांतपणे वाटून घेणारी घरे आहेत. पडीक वरकस जमिनीच्या दोन गुंठ्यांसाठी तोंड न बघणारीही आहेत. फरक पडतो तो कोणाला काय, कधी आणि कोणाकडून कळले यात.

त्याची सुरुवात मृत्यूच्या निरोपापासूनच होते. पूर्वी तार यायची. देशातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, पण त्याच्या किती तरी आधी तिची जागा फोनने घेतली होती. गावाकडची रीत अशी की लांबच्या लेकीला खरे सांगायचे नाही. ‘बाबा सिरीयस आहेत, निघून ये’ एवढेच कळवायचे. प्रवासात तिला धक्का बसू नये हा त्यामागचा भाव. एका घरी बहीण रात्रभर एसटीने आली आणि स्टँडवर रिक्षावाल्याने सहज विचारले, ‘नेणार किती वाजता?’ वडील गेले हे तिला असे कळले. पुढे कित्येक वर्षांनी वाटणीच्या बैठकीत तिला हिश्शाबद्दल विचारले, तेव्हा तिने पहिल्यांदा हीच गोष्ट काढली. हल्ली याचे नवे रूप म्हणजे ग्रुपवरचा संदेश. चुलतभावाच्या स्टेटसवर वडिलांचा हार घातलेला फोटो पाहून बातमी कळलेली मुलेही आहेत. ज्या घरांनी एकेका भावंडाला स्वतः फोन करून, स्वतःच्या आवाजात, साधारण एकाच वेळी कळवले, त्या घरांत पुढच्या बोलण्याला वेगळा सूर असतो. नुकताच बाप गेलेल्या माणसाला हे जड जाते हे खरे. तेवढे मात्र त्यानेच करावे लागते. ते काम शेजाऱ्यावर सोपवता येत नाही.

पहिल्या तेरा दिवसांत घर भरलेले असते. सुतक मुलाला दहा दिवसांचे आणि सासरी गेलेल्या मुलीला तीन दिवसांचे, असे शास्त्र सांगते, आणि त्याचा परिणाम घरातल्या बसण्याउठण्यावर होतोच. मुली तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत जातात आणि बाराव्या-तेराव्याला पुन्हा येतात. मधल्या दिवसांत कपाट उघडले जाते, पासबुके बघितली जातात, वडिलांनी कोणाला उसने दिले होते याची चर्चा होते. यात कोणाचा कपटाचा हेतू क्वचितच असतो. पण मुलगी तेराव्याला येते तेव्हा कपाट उघडून झालेले असते, आणि हे तिच्या मनात राहते. तेराव्याच्या जेवणानंतर एखादे वडीलधारे नातेवाईक ठरल्यासारखे म्हणते, ‘सगळे जमलेत तोवर कागद करून घ्या, पुन्हा कोण येतंय!’ हा सल्ला बहुतेक वेळा घातक ठरतो. रडून डोळे सुजलेल्या माणसाने केलेली सही कायद्याने टिकते, पण तिच्यामागची संमती टिकत नाही. त्या दिवशी एकच काम करण्यासारखे असते. वडिलांची खाती, ठेवी, विमा, देणी-घेणी, दागिने आणि जमिनीचे गट क्रमांक यांची यादी सर्वांसमोर करायची, न आलेल्याला फोनवर घेऊन वाचायची, आणि तिची प्रत प्रत्येकाला द्यायची. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या प्रती जास्त घ्याव्यात आणि त्याही प्रत्येकाकडे एक याप्रमाणे द्याव्यात. हे किरकोळ वाटते. पण सगळे कागद एकाच भावाच्या कपाटात राहिले की बाकीच्यांना प्रत्येक गोष्टीसाठी त्याच्याकडे मागायला जावे लागते, आणि मागणारे भावंड हळूहळू फोन करायचे टाळू लागते.

यानंतर येते वारसनोंद. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 149 प्रमाणे वारसाने आपल्याला मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची असते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडतात. गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नोंद होते, फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी 15 दिवस ठेवतात, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आता ई-हक्क प्रणालीवरून हा अर्ज घरबसल्याही करता येतो. मुदत उलटली तरी नोंद होते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नोंदी आजही होत असतात. वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. तिने एवढेच होते की मयताच्या जागी सर्व वारसांची नावे एकत्र लागतात. म्हणूनच हा कागद सर्वांत निरुपद्रवी असायला हवा. प्रत्यक्षात सर्वांत जास्त मने याच कागदावर मोडतात, कारण वंशावळीतून नावे गळतात.

एका घरातल्या दोन भावांनी वारसनोंद केली तेव्हा नाशिककडे दिलेल्या बहिणीचे नाव घातले नाही. त्यांचे म्हणणे असे की ताईला काही नकोच आहे, उगाच तिला हेलपाटा कशाला? ताईला खरोखरच काही नको होते. पण काही वर्षांनी भाच्याने सहज मोबाइलवर सातबारा काढून पाहिला. वडिलांच्या जागी दोघा भावांचीच नावे होती, आणि प्रतिज्ञापत्रातल्या वंशावळीत वडिलांना दोनच अपत्ये दाखवली होती. बहिणीने प्रांताकडे अपील केले. ते चालले तितकी वर्षे ती गणपतीला आली नाही. निकाल लागून तिचे नाव चढल्यावर तिने आपणहून दोघा भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले आणि एक पैसाही घेतला नाही. कागदोपत्री पाहिले तर सुरुवातीला भावांना जे हवे होते तेच शेवटी झाले. मधली वर्षे मात्र गेली, आणि त्या वर्षांत दोन्हीकडची मुले एकमेकांना न ओळखता मोठी झाली. आपण या घरात जन्मलोच नाही असे लिहिलेला कागद सरकारदफ्तरी आहे, ही गोष्ट कोणत्याही मुलीला सहन होण्यासारखी नसते.

बहिणीच्या हक्काबद्दल कायदा काय सांगतो हे गावोगाव अजून अर्धवटच पोचले आहे. हिंदू वारसा कायदा 1956 चा. त्यात वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि मयताची आई यांना पहिल्यापासूनच सारखा वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः सहदायादाचा, म्हणजे हिस्सेदाराचा, दर्जा महाराष्ट्राने 1994 च्या दुरुस्तीने दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने तो फरक काढला. वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. भावंडांच्या नात्याच्या दृष्टीने याहून बोलका बदल दुसराच आहे. 2005 पूर्वी कायद्यात कलम 23 होते. कुटुंबाच्या राहत्या घरात पुरुष वारस वाटणी करायला तयार होत नाहीत तोवर मुलीला वाटणी मागता येत नसे, आणि तिथे राहण्याचा हक्क अविवाहित, परित्यक्ता, विभक्त किंवा विधवा मुलीलाच होता. सुखाने नांदणाऱ्या मुलीचा माहेरच्या घरात कायद्याने पायच नव्हता. ते कलम गेले. घराघरातली समजूत मात्र अजून पुष्कळदा कलम 23 चीच आहे.

हक्कसोडपत्र हा कोकणातला सर्वांत परिचित कागद. बहिणी भावांच्या लाभात आपला अविभक्त हिस्सा सोडतात आणि दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला जातो. नोंदणीशिवाय तो चालत नाही. बहीण दिवाळीला किंवा मेमध्ये आलेली असताना हे उरकले जाते. सकाळी गाडी काढायची, तालुक्याला जायचे, अंगठे-फोटो द्यायचे, हॉटेलात मिसळ खायची, संध्याकाळी साडी घेऊन घरी. वकिलापुढे बसलेली बहीण बहुतेक वेळा दस्त वाचत नाही. ‘दादा म्हणतोय ना, मग झालं,’ असे म्हणून ती सही करते. आई असते तोवर काही बिघडत नाही. आई गेल्यावर भाऊबीजेचा फोन यायला उशीर होतो, मग वहिनीचा संदेश येतो की आम्ही या वेळी बाहेर चाललोय, आणि एका वर्षी काहीच येत नाही. अशा बहिणी पुन्हा कचेरीत येतात आणि सोडलेला हक्क परत घेता येईल का असे विचारतात. फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध झाल्याशिवाय तसे होत नाही. त्यांच्याशी थोडे बोलत बसले की उमगते की त्यांना जमीन नकोच असते. माहेरी कोणीतरी बोलवावे एवढेच त्यांना हवे असते, आणि त्यावर दिवाणी दावा लावता येत नाही.

हक्कसोड झाल्यावरही ज्या घरांत बहिणीचे येणे-जाणे टिकले, त्या घरांनी थोडे वेगळे केलेले दिसते. मसुदा महिनाभर आधी बहिणीच्या घरी गेला. तिने तो नवऱ्याला, मुलांना वाचून दाखवला. जमिनीचा आजचा भाव तिला सांगितला गेला, म्हणजे आपण काय सोडतो आहोत हे तिला माहीत होते. काही घरांनी सरसकट हक्कसोड न घेता वाटणीपत्र केले आणि त्यात लिहिले की देवघर व माजघर सर्व भावंडांचे सामायिक राहील, आणि बहिणींना केव्हाही येऊन राहता येईल. एका वाटणीपत्रात विहिरीजवळची दोन हापूसची कलमे बहिणीच्या नावे ठेवली गेली. तिला त्या आंब्यांची गरज नव्हती. तरी दर वर्षी पेटी पाठवायच्या निमित्ताने भावाचा फोन जातोच, आणि यंदा मोहोर कसा आहे, थ्रिप्स पडलेत का, यावर दोघे बराच वेळ बोलतात. सामायिक ठेवलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने डोकेदुखी असते, आणि वकील सहसा काहीच सामायिक ठेवू नका असे सांगतात. भावंडांच्या बाबतीत हा सल्ला पूर्णपणे पाळू नये, असे अनुभव सांगतो.

गोव्यात बहिणीच्या हिश्शाचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटतो. तिथल्या वारसाकायद्याचे मूळ 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. मुले असताना आईबापांना साधारणपणे निम्म्याच मिळकतीचे मृत्युपत्र करता येते. उरलेला निम्मा मुलांना, मुलगा-मुलगी भेद न करता, जातोच. इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांत मिळकत वाटण्याच्या, कार्यवाहीत सर्व वारसांना बोलवावे लागते. सीमेवरच्या ज्या कुटुंबांची जमीन सावंतवाडीतही आहे आणि पेडण्यातही, त्यांना हा फरक एकाच घरात दिसतो.

बँकेतल्या पैशाबाबत एकच गैरसमज वारंवार भेटतो. खात्यावर ज्याचे नाव नॉमिनी म्हणून असते तो पैशाचा मालक झाला असे तो स्वतःही मानतो आणि बाकीचे मनातल्या मनात त्याच्यावर रागावतात. बँकेच्या ठेवीचा नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो. मालकी वारसांचीच राहते. नॉमिनी भावाने रक्कम हातात आल्याच्या दिवशीच सगळ्यांना आकडा कळवला तर प्रश्न तिथेच मिटतो. सहा महिन्यांनी विचारल्यावर सांगितला, तर तोच आकडा कोणाला खरा वाटत नाही.

परदेशातल्या भावंडाचे दुःख वेगळे असते, आणि ते गावातल्यांना सहजी दिसत नाही. 25 मार्च 2020 पासूनच्या टाळेबंदीत कित्येकांनी आईबापांचे अंत्यसंस्कार मोबाइलच्या पडद्यावर पाहिले; त्यातले बरेच जण आजही त्याबद्दल बोलत नाहीत. अशा भावंडाकडून घराला लागते ते मुखत्यारपत्र. ते तिकडे भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल करून इकडे पाठवायचे, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यायचा. न्यू जर्सीतल्या एका धाकट्या भावाने वडिलांच्या आजारपणाचा आणि पुढे घराच्या छपराचा बराचसा खर्च पाठवला होता. मुखत्यारपत्र मागितल्यावर त्याने दोन वर्षे उत्तर दिले नाही. गावात बोलले गेले की त्याला जास्त हिस्सा हवा. वकिलाने त्याला स्वतंत्रपणे फोन केला तेव्हा कळले की छपराचे काम झाल्यावर त्याला कोणी एक फोटोही पाठवला नव्हता. पैसे पोचले एवढा निरोप गेला होता. त्यानंतर मोठ्या बहिणीने एक क्रम धरला. रविवारी सकाळी आठला, म्हणजे तिकडच्या शनिवारी रात्री साडेनऊ-साडेदहाला, फोन करायचा आणि कामाचे काही बोलायचे नाही. गावातले लग्न, कोणाची म्हैस व्याली, देवळाचा जीर्णोद्धार, असे काहीही चाले. मुखत्यारपत्र त्याच वर्षी आले. ते मागण्यासाठी मात्र तिने एकदाही फोन केला नव्हता.

पैसे पाठवणाऱ्याला आणि प्रत्यक्ष राबणाऱ्याला एकमेकांचे ओझे कळत नाही, हा भावंडांमधल्या अबोल्याचा फार जुना उगम आहे. वडील जाऊन आई मागे राहते तेव्हा तो सर्वांत उघडा पडतो. आईला चार महिने इथे आणि चार महिने तिथे ठेवण्याची वाटणी पुष्कळ घरांत होते. तिची औषधांची पिशवी आणि कपड्यांची बॅग तिच्याबरोबर फिरते, आणि प्रत्येक मुक्कामी आधीच्या घराबद्दल तिला विचारले जाते. ती काही तरी बोलते, ते पुढे पोचते, आणि दोन सुनांमध्ये अंतर पडते. या फिरत्या वाटणीपेक्षा आईला एका घरी स्थिर ठेवून बाकीच्यांनी ठरावीक दिवसांनी तिथे जाऊन राहणे, म्हणजे सांभाळणाऱ्याला सुटी देणे, हे आईसाठी आणि भावंडांसाठीही बरे ठरलेले दिसते. कारण त्यात भावंडे एकमेकांच्या घरी राहतात, एकमेकांच्या ताटात जेवतात, आणि सांभाळणाऱ्याची दमछाक डोळ्यांनी पाहतात.

मग उरते घर. कोकणातले बंद घर दोन पावसाळे उभे राहत नाही. मेमध्ये कौले परतावी लागतात, वळचणीला झडी बांधावी लागते, वासे वाळवीपासून जपावे लागतात. घरपट्टी आणि विजेचे बिल कोणीतरी भरायचे असते. किल्ली कोणाकडे हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्यावरून बोलणे बंद झालेली भावंडे आहेत, कारण ज्याच्याकडे किल्ली त्याच्याकडे घर अशी भावना होते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दापोली-मंडणगडमध्ये घरांची छपरे उडाली, नारळ-सुपारीच्या बागा झोपल्या. पंचनामे सुरू झाले तेव्हा शेकडो घरांचा प्रश्न निघाला. घर अजून मयत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर. मदत घेणार कोण, आणि बाकीच्यांचे संमतिपत्र आणणार कोण? टाळेबंदी होती, मुंबईहून येता येत नव्हते. ज्या भावंडांनी कित्येक वर्षे एकमेकांना फोन केला नव्हता त्यांना तो त्या आठवड्यात करावा लागला. एका घरात गावी असलेल्या चुलत पुतण्याने रोज रात्री उडालेल्या कौलांचे, वाकलेल्या पाटाचे फोटो सर्वांना पाठवले आणि खाली त्या दिवशीचा खर्च लिहिला. चार भावंडांनी सारखी वर्गणी काढली. छप्पर झाल्यावरही रोजचा संदेश थांबला नाही. त्यात हिशेबाच्या जागी इतर गोष्टी येऊ लागल्या. वादळाने त्या घराचे जे नुकसान केले ते मोठे होते. पण ज्या भावंडांना आईनंतर बोलायला विषय उरला नव्हता, त्यांना एक सामायिक काम मिळाले आणि त्यातून बोलणे सुरू झाले. असे इतर घरांतही घडलेले दिसले.

सण आणि श्राद्ध यांचे मोल इथे कळते. कोकणात गणपती भावंडांना एका छताखाली आणतो. गणपती कोणाकडे बसणार हा वाद वाटणीच्या वेळी हमखास निघतो, आणि गणपती पाळीने घरोघरी बसवण्यापेक्षा मूळ घरीच बसवून खर्च पाळीने करणाऱ्या घरांत माणसे जास्त जमतात. परंपरा सांगते की विभक्त भावांनी वडिलांचे दरवर्षीचे श्राद्ध वेगवेगळे करावे. त्यामुळे वाटणीनंतर त्या तिथीलाही भावंडे पांगतात. जी घरे सर्वपित्री अमावास्येला तरी एकत्र पान वाढतात त्यांचे बरे चालते. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात आणि त्याच सणाला लेकी माहेरी येतात. आईवडिलांचे स्मरण आणि भावंडांची भेट एकाच दिवशी व्हावी यात मोठे शहाणपण आहे. कोकणातल्या काही कुटुंबांनी आता आईच्या तिथीजवळचा रविवार तसाच धरायला सुरुवात केली आहे. पूजा कोणाला जमते, कोणाला नाही. जेवण मात्र सगळे मिळून करतात.

बोलणे टिकवण्याचे काम बहुधा एकाच भावंडावर येऊन पडते. मोठी बहीण आईच्या जागी बसते. तीच सगळ्यांना फोन करते, तिलाच सगळे सांगतात, आणि तिच्यामार्फत बातम्या फिरू लागतात. म्हणजे आईच्या वेळची व्यवस्थाच पुन्हा सुरू होते, आणि बहीण आजारी पडली किंवा गेली की ती पुन्हा तुटते. भावंडांनी एकमेकांना थेट फोन करण्याची सवय लागायला वेळ जातो. पहिले काही फोन अवघडलेले होतात. काय बोलावे सुचत नाही. तिथे घाबरून थांबू नये. दोन भाऊ चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा, कोणी मध्ये नसताना, एकमेकांशी बोलत असतात. त्याला काही महिने लागतात. जमिनीचे आणि पैशाचे बोलणे वेगळ्या ग्रुपवर आणि वाढदिवस, फोटो, आजारपण वेगळ्या ग्रुपवर, असे करणाऱ्यांना त्याचा फायदा झालेला आहे. फेरफाराच्या नोटिशीखाली नातवाच्या बारशाचा फोटो आला की दोन्हींकडे नीट लक्ष जात नाही. वहिनी आणि मेहुणे यांना बाजूला ठेवून नाते टिकत नाही. कित्येक घरांत आज दोन भाऊ बोलतात ते दोघा जावांनी बोलणे सोडले नाही म्हणून.

जे तुटले ते सगळे जुळत नाही, हेही सांगायला हवे. काही दावे तीस वर्षे चालतात आणि वादी-प्रतिवादी दोघेही वारतात. मग त्यांची मुले, जी एकमेकांना कधी भेटलेली नसतात, वारस म्हणून दाव्यात येतात. पण तडजोडही होते. लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नसते आणि भरलेले कोर्टशुल्क परत मिळते, त्यामुळे थकलेले पक्षकार तिकडे वळतात. अशा तडजोडीच्या मसुद्यात जमिनीचे हिस्से लिहून झाल्यावर गणपती, कुळाचार आणि आईवडिलांच्या फोटोची जागा यांबद्दलही एखादे कलम घालायला सुचवावे. कोर्ट ते अंमलात आणू शकेल की नाही हा वेगळा भाग. पण ते लिहिताना दोन्ही बाजू जे बोलतात ते आधीच्या कोणत्याही तारखेला बोललेल्या नसतात.

ज्या घरी आत्ता वंशावळीचे प्रतिज्ञापत्र किंवा हक्कसोडपत्राचा मसुदा तयार होत असेल, त्यांनी तो तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाकडे नेण्याआधी प्रत्येक भावंडाला पूर्ण वाचायला पाठवावा. वंशावळीत सगळ्यांची नावे आहेत ना ते पाहावे. आणि ज्या भावंडाशी बऱ्याच दिवसांत बोलणे झालेले नाही, त्याला आज कागदाचा विषय न काढता एक फोन करावा.